घरच्या सर्व्हरला बाहेरची हार्ड डिस्क जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना लॅपटॉप, मिनी पीसी किंवा रास्पबेरी पाय घेऊन घरचा सर्व्हर उभा केला, आणि बघता बघता फोटो-व्हिडिओंनी आतली डिस्क भरून गेली. आता यूएसबीवर मोठी हार्ड डिस्क लावायची आहे, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. सर्व्हरवर डेबियन, उबुंटू किंवा त्याच कुळातलं लिनक्स आहे असं धरलं आहे. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत.

यूएसबीवरची डिस्क चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरला खरंच चालते का?

चालते. फोटो, चित्रपट, गाणी, बॅकअप यांच्यासाठी अगदी व्यवस्थित चालते. फक्त एक फरक डोक्यात पक्का बसवा. आतली साटा (डिस्कसाठीची नेहमीची आतली जोडणी) डिस्क थेट मदरबोर्डला जोडलेली असते. बाहेरच्या डिस्कच्या वाटेत मात्र यूएसबी केबल, डिस्कच्या डब्यातली ब्रिज चिप (यूएसबी आणि साटा यांच्यातली दुभाषी) आणि बऱ्याचदा वेगळा ॲडॉप्टर अशा तीन गोष्टी येतात. लोकांच्या तक्रारी वाचल्या तर डिस्क स्वतः बिघडल्याच्या कमी आणि या तिघांपैकी एकाने दगा दिल्याच्या जास्त दिसतात.

म्हणून मांडणी करताना गृहीत धरा, की ही डिस्क कधीतरी पाच सेकंदांसाठी किंवा कायमची गायब होणार आहे. जागा किती मिळाली यापेक्षा डिस्क नसताना सर्व्हर कसा वागेल हे आधी ठरवायला हवं. याच कारणाने नेक्स्टक्लाउड, इमिच वगैरे फाइली-फोटो सांभाळणाऱ्या सेवांचे डेटाबेस आतल्या एसएसडीवरच राहू द्या आणि मोठ्या फाइली तेवढ्या बाहेर काढा.

अडीच इंची घ्यावी की साडेतीन इंची?

जागा आणि प्लग असेल तर साडेतीन इंची. तिला १२ व्होल्टचा स्वतःचा ॲडॉप्टर लागतो, पण हीच तिची जमेची बाजू आहे, कारण ती सर्व्हरच्या पोर्टकडे वीज मागत नाही.

अडीच इंची डिस्क यूएसबीमधूनच वीज घेते. मानकाप्रमाणे यूएसबी २ पोर्ट ५०० मिलीॲम्पिअर देतो, यूएसबी ३ पोर्ट ९००. डिस्क फिरायला सुरुवात करते त्या क्षणी तिची भूक सर्वात जास्त असते. लॅपटॉपला हे सहसा झेपतं. रास्पबेरी पायवर मात्र हिशेब करावा लागतो: पाय ४ वर चारही पोर्ट मिळून १.२ ॲम्पिअर मिळतात. पाय ५ ला ५ ॲम्पिअरचा पुरवठा दिला तर १.६, नाहीतर सगळ्या पोर्टांना मिळून फक्त ०.६ ॲम्पिअर. तेव्हा पायला दोन अडीच इंची डिस्का थेट लावणं हा जुगार आहे. स्वतःचा ॲडॉप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घाला. हब घेताना तो उलट दिशेने, म्हणजे सर्व्हरच्या पोर्टात, वीज ढकलत नाही ना ते पाहा. स्वस्तातले काही हब तसं करतात आणि मग पाय बंद केला तरी अर्धवट जागा राहतो.

डिस्कच्या वर्णनात एसएमआर आणि सीएमआर असं लिहिलेलं असतं. त्याने काय फरक पडतो?

लिहिण्यात पडतो. सीएमआर डिस्कवर डेटाचे पट्टे शेजारी शेजारी सुटे असतात, एसएमआर डिस्कवर ते छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच तबकडीवर जास्त डेटा मावतो, पण एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. डिस्क हे काम मोकळ्या वेळात करते. म्हणून सुरुवातीला वेग झकास दिसतो आणि शे-दोनशे जीबी सलग ओतले की तो एकदम कोसळू शकतो.

एकदा लिहून नंतर फक्त वाचायचं, अशा चित्रपटांच्या किंवा जुन्या फोटोंच्या साठ्याला एसएमआर चालते. रेडमध्ये, म्हणजे अनेक डिस्का एकत्र बांधून एकीसारख्या चालवण्याच्या मांडणीत, ती घालू नका. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी (नेटवर्कवरच्या साठ्याच्या यंत्रांसाठी) विकल्या जाणाऱ्या 'रेड' (लाल) नावाच्या मालिकेतली काही मॉडेलं एसएमआर असल्याचं उघड झालं आणि बराच गदारोळ झाला. त्यानंतर कंपनीने सीएमआर मॉडेलं रेड प्लस नावाने वेगळी काढली. अडीच इंची मोठ्या क्षमतेच्या डिस्का जवळजवळ सगळ्याच एसएमआर असतात, हेही लक्षात असू द्या.

यूएसबी २ पोर्ट पुरेल का?

पुरेल, पण कंटाळा येईल. यूएसबी २ चा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट, हातात पडतात सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइट. यूएसबी ३ वर (५ गिगाबिट) हार्ड डिस्क तिच्या पूर्ण वेगाने चालते. घरातलं नेटवर्क एक गिगाबिटचं असेल तर त्यातून सेकंदाला साधारण ११० मेगाबाइट जातात. चांगली हार्ड डिस्क तेवढे सहज देते. म्हणजे वेगासाठी एसएसडी घ्यायची गरज नाही. आवाज नको असेल किंवा सर्व्हर सतत हलवावा लागत असेल, तर गोष्ट वेगळी.

नवी डिस्क आणल्यावर लगेच डेटा टाकू का?

थांबा. नव्या डिस्का पहिल्या काही आठवड्यांतही दगावतात, तेव्हा पैसे परत मिळायची मुदत आहे तोवर तिला राबवून घ्या.

आधी स्मार्टसीटीएल कमांडने स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती, आकडेवारी पाहा. यूएसबीवर ती दिसत नसेल तर 'डॅश डी सॅट' हा पर्याय जोडून बघा. बहुतेक ब्रिज चिप त्याला उत्तर देतात. एखादी चिप काही केल्या देत नसेल, तर तो डबा बदललेला बरा. ज्या डिस्कची तब्येत विचारताच येत नाही तिच्यावर कुटुंबाचे फोटो ठेवण्यात काय अर्थ आहे? त्यानंतर स्मार्टची लांब चाचणी लावा. ४ टीबीच्या डिस्कला ती सात-आठ तास सहज घेते. मध्येच डिस्क झोपली तर चाचणी अर्धवट सुटते, म्हणून त्या काळात झोपेची सेटिंग बंद ठेवा.

आणखी खात्री हवी असेल तर बॅडब्लॉक्स कमांड लिहिण्याच्या पद्धतीत चालवा. ती चार वेगवेगळे नमुने पूर्ण डिस्कवर लिहून परत वाचते, म्हणजे एकूण आठ फेऱ्या. मोठ्या डिस्कला कित्येक दिवस लागू शकतात आणि डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. कमांड कोणत्या डिस्कवर चालवतोय हे दोनदा वाचून मगच एंटर दाबा.

फाइल सिस्टिम कोणती ठेवू? घरातले बाकीचे संगणक विंडोजचे आहेत.

ईएक्सटी४, लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम.

विंडोजचा मुद्दा बऱ्याच जणांची गल्लत करतो. डिस्क सर्व्हरला लावली की विंडोजचे संगणक तिच्याशी थेट बोलतच नाहीत. ते सांबाशी बोलतात, आणि सांबा नेटवर्कवरून फाइली पुरवतो. खाली ईएक्सटी४ आहे की आणखी काही, याचा विंडोजला पत्ताही लागत नाही. डिस्क अधूनमधून काढून थेट विंडोजला लावायची असेल तरच एनटीएफएस किंवा एक्सफॅटचा विचार करा.

एक्सफॅटमध्ये जर्नल (बदलांची आधी ठेवलेली नोंद) नाही, त्यामुळे लिहिताना वीज गेली तर नुकसान होण्याची शक्यता जास्त. शिवाय त्यात फाइलीचा मालक आणि परवानग्या साठवता येत नाहीत, आणि सर्व्हरवरच्या निम्म्या सेवा तिथेच अडतात. एनटीएफएससाठी लिनक्स कर्नल ५.१५ पासून, म्हणजे २०२१ पासून, लिहू-वाचू शकणारा एनटीएफएस३ हा ड्रायव्हर आहे. तात्पुरत्या वापराला तो ठीक. पण विंडोजने डिस्क नीट न सोडता संगणक बंद केला असेल, तर ती लिनक्सवर फक्त वाचण्यापुरती उघडते किंवा उघडतच नाही. फॅट३२ सोडूनच द्या; त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखायची खूण) आणि स्नॅपशॉट (त्या क्षणाची जपलेली अवस्था) मिळतात. ते वापरणार असाल तर घ्या. 'असू दे, पुढेमागे लागेल' म्हणून घेऊ नका.

डिस्कवर आधीचा डेटा असेल तर तो आधी दुसरीकडे हलवावा लागेल. एनटीएफएसचं जागच्या जागी ईएक्सटी४ करणारी भरवशाची वाट नाही. विभाग पाडताना त्यांच्या नोंदीसाठी जीपीटी पद्धत निवडा, कारण जुन्या एमबीआरला साधारण २ टीबीच्या पुढचं दिसत नाही.

४ टीबीची डिस्क ३.६ टीबी का दाखवते? आणि फॉरमॅट केल्यावर आणखी जागा कुठे गेली?

कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १,०२४ च्या. त्यामुळे ४ टीबीचे ३.६४ होतात. यात लबाडी नाही.

पुढची गळती मात्र थांबवता येते. ईएक्सटी४ आपणहून ५ टक्के जागा रूट या मुख्य वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. सिस्टिमच्या डिस्कवर ते शहाणपणाचं आहे, पण नुसत्या साठ्याच्या डिस्कवर ४ टीबीमागे सुमारे २०० जीबी फुकट अडकतात. ट्यून२एफएस कमांडला 'डॅश एम १' देऊन ते एक टक्क्यावर आणा. डेटा असलेल्या डिस्कवरही हे चालतं.

रीबूट केल्यावर डिस्कचं नाव एसडीए वरून एसडीबी होतं आणि सगळं बिघडतं. कायमचा उपाय?

ती नावं डिस्क सापडण्याच्या क्रमाने मिळतात, त्यांच्यावर कधीच विसंबू नका. बीएलकेआयडी किंवा 'एलएसबीएलके डॅश एफ' चालवून त्या विभागाचा यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) घ्या आणि ईटीसी फोल्डरातल्या एफएसटॅब फाइलीत तोच लिहा. माउंटची जागा, म्हणजे डिस्क जिथे उघडेल ती, म्हणून एमएनटी किंवा एसआरव्हीखाली एक रिकामा फोल्डर करा. फाइल जतन केल्यावर रीबूट करायच्या आधी 'माउंट डॅश ए' चालवून बघा. चूक असेल तर ती आत्ताच कळते.

त्या ओळीत पर्याय म्हणून 'नोफेल' घालायलाच हवा, नो आणि फेल सलग जोडून. तो नसेल आणि सुरू होताना डिस्क सापडली नाही, तर सिस्टमडी (सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) दीड मिनिट वाट पाहतं आणि मग सर्व्हरला आपत्कालीन अवस्थेत नेऊन थांबवतं. मॉनिटर-कीबोर्ड नसलेल्या, कपाटामागे ठेवलेल्या सर्व्हरवर याचा अर्थ असा, की एसएसएचने दुसऱ्या संगणकावरूनही आत शिरता येत नाही आणि काय झालंय ते कळायला मार्गही नाही. सोबत 'नोएटाइम' घाला, म्हणजे वाचनामुळे उगाच लिहिणं होणार नाही.

'नोफेल' घातलं. मग डिस्क नसताना बॅकअप चालला आणि आतली डिस्कच भरून गेली. असं कसं?

या पानावरचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच.

माउंटची जागा हा शेवटी एक साधा फोल्डर असतो. बाहेरची डिस्क तिथे बसलेली नसेल तर त्यात लिहिलेलं सगळं निमूटपणे आतल्या डिस्कवर जातं. कुठलीही एरर येत नाही. 'नोफेल'मुळे तर सेवा डिस्कची वाट न पाहता सुरू होऊ शकतात. मग डिस्क नंतर माउंट झाली, की आधी लिहिलेल्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात: डीएफ (डिस्कवरची मोकळी जागा सांगणारी कमांड) सांगतं आतली डिस्क भरली, डीयूला (फोल्डरांचा आकार मोजणारी) तो डेटा कुठेच सापडत नाही, आणि माणूस डोकं धरून बसतो. अशी विसंगती दिसली तर सेवा थांबवून डिस्क अनमाउंट करा आणि त्या रिकाम्या समजल्या जाणाऱ्या फोल्डरात डोकावा.

यावर सर्वात साधा उपाय असा. डिस्क माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरवर सीएचअॅटर कमांडने 'प्लस आय' लावा. आता तिथे रूटलाही काही लिहिता येत नाही. डिस्क माउंट करायला मात्र याची काहीच आडकाठी नाही, आणि माउंट झाल्यावर डिस्कवर नेहमीसारखं लिहिता येतं. एका कमांडचं काम आहे, तरी बहुतेक मार्गदर्शिकांमध्ये ते नसतं याचं आश्चर्य वाटतं.

बॅकअपची स्क्रिप्ट तुम्ही स्वतः लिहिली असेल तर पहिल्याच ओळीत माउंटपॉइंट ही कमांड वापरून तपासा. डिस्क नसेल तर स्क्रिप्ट तिथेच संपू दे. सिस्टमडीच्या सेवांना 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' (तिन्ही शब्द सलग) ही ओळ देऊन डिस्कशी बांधता येतं.

डॉकरचं, म्हणजे सेवा स्वतंत्र कंटेनरांत चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, प्रकरण जरा वेगळं आहे. 'डॅश व्ही'ने दिलेला फोल्डर अस्तित्वात नसेल तर डॉकर तो आपणच तयार करतं. 'माउंट' हा लांब पर्याय वापरला तर एरर देऊन थांबतं, आणि आपल्याला तेच हवं आहे. म्हणून कंटेनरला माउंटची मूळ जागा न देता डिस्कवरचा एखादा उपफोल्डर द्या. डिस्क नसली की उपफोल्डरही नाही, कंटेनर सुरूच होत नाही. शिवाय कंटेनर आधी सुरू झाला आणि डिस्क मागून आली, तर कंटेनरला सहसा जुना रिकामा फोल्डरच दिसत राहतो. 'सगळे फोटो गेले' म्हणून घाबरण्याआधी कंटेनर रीस्टार्ट करून बघा.

डिस्क माउंट झाली, पण लिहिताना परवानगी नाकारली जाते.

नव्या ईएक्सटी४ विभागाचा मालक रूट असतो. माउंट केल्यानंतर डिस्कवर एक फोल्डर करा आणि सीएचओनने तो तुमच्या वापरकर्त्याच्या नावावर करा. लिनक्स मालकाचं नाव साठवत नाही, क्रमांक साठवतं. दुसऱ्या सर्व्हरवरून आणलेल्या डिस्कवरच्या फाइली भलत्याच कुणाच्या नावावर दिसतात त्या यामुळे. सगळ्यांना ७७७ देऊन मोकळं व्हायचा मोह आवरा.

डिस्क चालता चालता मध्येच गायब होते आणि पुन्हा येते.

डीमेसेजचा लॉग उघडा आणि त्या वेळच्या ओळी वाचा. यूएसबी रीसेट किंवा डिसकनेक्ट असं दिसलं तर डिस्कला दोष देण्याआधी स्वस्त गोष्टी बदलून बघा: केबल (शक्य तितकी लहान घ्या), मग पोर्ट, मग ॲडॉप्टर. पायवर व्होल्टेज कमी पडल्याचा संदेश असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

लॉगमध्ये यूएएस हा शब्द वारंवार येत असेल तर संशय ब्रिज चिपवर घ्या. यूएएस ही यूएसबीवर डिस्कशी बोलायची नवी, वेगवान पद्धत. काही चिपना ती नीट जमत नाही आणि भार आला की त्या गुडघे टेकतात. कर्नलच्या पर्यायांत 'यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स' लिहून त्या चिपचा विक्रेता आणि उत्पादन क्रमांक (एलएसयूएसबीत दिसतो) आणि शेवटी 'यू' अक्षर दिलं की तेवढ्या डब्यापुरती जुनी पद्धत वापरली जाते. वेग थोडा उतरतो, स्थैर्य येतं. मी हा सौदा दरवेळी करेन.

एक बारकावा: स्मार्टमधला १९९ क्रमांकाचा सीआरसी आकडा शून्य आहे म्हणून यूएसबी केबल चांगली, असा निष्कर्ष काढू नका. तो आकडा डब्याच्या आतल्या, डिस्क आणि ब्रिज चिप यांच्यामधल्या साटा जोडणीचा आहे. यूएसबी केबलच्या चुका त्यात दिसत नाहीत.

वापर नसताना डिस्क झोपू द्यावी का?

दिवसभर अधूनमधून वापरात असलेली डिस्क फिरत राहू द्या. सतत थांबणं-सुरू होणं तिला जास्त झिजवतं, आणि प्रत्येक वेळी उठायला ती काही सेकंद घेते. फक्त रात्री बॅकअप घेणारी डिस्क खुशाल झोपू दे. एचडीपार्मच्या 'डॅश एस' (मोठ्या लिपीतलं एस) पर्यायात १२० म्हणजे दहा मिनिटं आणि २४१ म्हणजे अर्धा तास, असं विचित्र कोष्टक आहे. पुष्कळ यूएसबी डबे ही आज्ञा ऐकतच नाहीत. तिथे एचडी-आयडल नावाचा छोटा प्रोग्रॅम उपयोगी पडतो.

दोन यूएसबी डिस्का घेऊन रेड करू का?

नको. रेडचं सगळं गणित डिस्का एकत्र हजर असण्यावर आहे. एक डिस्क क्षणभर सुटली की रेड तिला बाद ठरवतं आणि परत आल्यावर पुन्हा जुळवणी करावी लागते. एकाच हबवर दोन्ही असतील तर दोन्ही एकदम सुटतात. रेडसारखी सोय देणारी झेडएफएस ही फाइल सिस्टिमही यूएसबीवर चालते, पण तिला सुखाने नांदवणं कठीण.

अनेक डिस्कांची एकच मोठी जागा दिसायला हवी असेल तर मर्जरएफएस बघा. प्रत्येक डिस्क स्वतंत्र ईएक्सटी४ राहते, एक गेली तर तिच्यावरच्याच फाइली जातात. जोडीला स्नॅपरेड लावून एक डिस्क पॅरिटीसाठी (हरवलेला डेटा परत उभा करायच्या हिशेबासाठी) देता येते. ती बाकीच्यांतल्या सर्वात मोठ्या डिस्कइतकी तरी हवी. स्नॅपरेड तुम्ही सांगाल तेव्हाच पॅरिटी मोजतं, त्यामुळे रोज बदलणाऱ्या फाइलींना ते योग्य नाही.

घरासाठी माझं मत: दुसरी डिस्क रेडमध्ये न घालता तिच्यावर रोज रात्री बॅकअप घ्या. चुकून पुसलेली फाइल रेड दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी पुसतं. बॅकअपलाही हे लागू होऊ शकतं: आरसिंक ही फाइलींची प्रत काढणारी कमांड 'डिलीट' पर्यायासह चालवली, तर आज पुसलेली फाइल आज रात्री प्रतीतूनही जाते. म्हणून जुन्या आवृत्त्या जपणारं बोर्ग किंवा रेस्टिक वापरा, आणि एक प्रत घराबाहेर ठेवा.

डिस्क एन्क्रिप्ट करावी का?

वॉरंटीत डिस्क परत पाठवावी लागेल तेव्हा तिच्यावरचं काही कुणाला वाचता येऊ नये, एवढ्यासाठी तरी करा. ल्युक्स, म्हणजे लिनक्सची डिस्क एन्क्रिप्ट करायची पद्धत, वापरा. किल्लीची फाइल आतल्या डिस्कवर ठेवली तर रीबूटनंतर पासवर्ड टाकावा लागत नाही, पण अख्खा सर्व्हरच चोरीला गेला तर किल्लीही चोराच्या हाती जाते आणि एन्क्रिप्शनचा उपयोग राहत नाही. क्रिप्टटॅब फाइलीतही 'नोफेल' लिहायला विसरू नका. ल्युक्सच्या हेडरची प्रत वेगळी काढून ठेवा. हेडर बिघडलं की पासवर्ड माहीत असूनही डेटा परत येत नाही. पाय ४ च्या प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीसाठी वेगळी सोय नाही, त्यामुळे तिथे वेग चांगलाच घटतो. पाय ५ मध्ये ती आहे.

डब्यातली डिस्क काढून थेट साटाला लावता येईल का?

बऱ्याचदा हो, पण डेटा जसाच्या तसा दिसेल याची खात्री नाही. काही डबे स्वतःच एन्क्रिप्शन करतात, काही सेक्टरचा आकार वेगळा दाखवतात. दोन्ही बाबतींत बाहेर काढलेली डिस्क रिकामी भासते. काही अडीच इंची डिस्कांच्या सर्किटवर साटाचा सांधाच नसतो, यूएसबीच थेट बसवलेलं असतं. आणि साडेतीन इंची डिस्क जोडूनही फिरलीच नाही, तर साटा वीजजोडणीतली तिसरी पिन बघा: काही नव्या डिस्का तिथे ३.३ व्होल्ट मिळाले की बंदच राहतात. त्या पिनवर कॅप्टॉन या वीजरोधक टेपची पट्टी लावली की काम होतं.

डिस्क काढायची कशी?

तिच्यावरच्या सेवा थांबवा, अनमाउंट करा, मग 'युडिस्क्ससीटीएल पॉवर-ऑफ'. 'टार्गेट इज बिझी' आलं तर एलएसओएफ सांगेल कोण धरून बसलंय. बऱ्याचदा तुमचंच टर्मिनल त्या फोल्डरात उभं असतं.

डिस्क मरायला टेकली हे आधी कळतं का?

नेहमी नाही. स्मार्टमधले ५ (बदललेले सेक्टर), १९७ (वाचता न आल्याने प्रलंबित) आणि १९८ (दुरुस्त न झालेले) हे आकडे महिन्याला एकदा तरी पाहा, किंवा स्मार्टडीला पाहायला सांगून मेल मागवा. ५ वर थोडे सेक्टर बदललेले दिसले आणि आकडा तिथेच थांबला, तर लक्ष ठेवून वापरता येते. दर आठवड्याला वाढत असेल, किंवा १९७ शून्यावर येत नसेल, तर नवी डिस्क मागवा. वाचताना एरर यायला लागल्या असतील आणि बॅकअप नसेल, तर फाइल सिस्टिम दुरुस्त करायला जाऊ नका, एफएससीके त्या डिस्कवर चालवू नका. आधी जीएनयू डीडीरेस्क्यूने पूर्ण डिस्कची प्रत तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर घ्या. ते चांगला भाग आधी उतरवून घेतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं. मॅप फाइल द्यायला विसरू नका, म्हणजे मध्ये थांबलं तरी तिथूनच पुढे चालू करता येईल. दुरुस्तीचे जे काही प्रयोग करायचे, ते त्या प्रतीवर करा.